जुन्या चाळीची दुरुस्ती की पुनर्विकास? मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींच्या भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगाव, भुलेश्वर, माझगाव, लालबाग, परळ, दादर, माहीम या भागांत ज्या जुन्या चाळी आणि इमारती अजून उभ्या आहेत, त्यांतील भाडेकरू दोन भीतींच्या कात्रीत सापडलेले आहेत. इमारत अंगावर पडेल ही एक भीती, आणि खोली सोडली तर परत येता येणार नाही ही दुसरी. चाळीच्या सभांमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी असून, आपल्या इमारतीच्या कागदपत्रांचा निर्णय वकील आणि संरचना अभियंता यांच्या सल्ल्यानेच करावा.

उपकरप्राप्त इमारत म्हणजे नेमके काय, आणि आमची चाळ त्यात मोडते की नाही हे कसे कळेल?

मुंबई शहर बेटावरील, म्हणजे कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या, ज्या खासगी मालकीच्या भाडेकरू-व्याप्त जुन्या इमारतींकडून दुरुस्तीसाठी वेगळा कर घेतला जातो, त्या इमारतींना उपकरप्राप्त इमारती म्हणतात. १९६९ च्या कायद्याने ही व्यवस्था सुरू झाली. पुढे १९७६ च्या म्हाडा कायद्यात ती समाविष्ट झाली आणि आज म्हाडाचे मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ हे काम पाहते. सभांमध्ये त्याला नुसते ‘मंडळ’ किंवा ‘रिपेअर बोर्ड’ म्हणतात.

इमारतींचे तीन प्रवर्ग आहेत. १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारती ‘अ’ प्रवर्गात, त्यानंतर ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या ‘ब’ प्रवर्गात आणि १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळातील ‘क’ प्रवर्गात येतात. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या व त्यांपैकी १६,५०२ एकट्या ‘अ’ प्रवर्गातील होत्या, म्हणजे हा प्रश्न मुळातच युद्धपूर्व काळातल्या चाळींचा आहे. पडझड आणि पुनर्विकास यांमुळे ही संख्या आता बरीच घटली आहे.

आपल्या इमारतीचा उपकर क्रमांक आणि प्रवर्ग मालमत्ता कराच्या देयकावरून किंवा मंडळाच्या विभागीय कार्यालयातून कळतो. चाळीतील दोघांनी एक दुपार खर्च करून ही माहिती लेखी घ्यावी, कारण पुढच्या प्रत्येक अर्जावर हा क्रमांक लागतो.

उपनगरातील जुन्या इमारतींना हे लागू होते का?

होत नाही. वांद्रे, विलेपार्ले, मुलुंड येथील भाडेकरू-व्याप्त इमारतींसाठी विकास नियंत्रण नियमावलीत वेगळ्या तरतुदी आहेत आणि गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींचा मार्ग आणखी निराळा आहे.

येथे एक गोंधळ हटकून होतो. ‘७९-अ’ हे कलम म्हाडा कायद्यातही आहे आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातही आहे. सहकारी कायद्यातील ७९-अ खाली ४ जुलै २०१९ रोजी निघालेल्या मार्गदर्शक सूचना संस्थेच्या स्वतःच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी आहेत, तर म्हाडा कायद्यातील ७९-अ धोकादायक उपकरप्राप्त इमारतींसाठी आहे. चाळीच्या सभेत कोणी सहकारी कायद्याचे परिपत्रक वाचून दाखवू लागला, तर त्याला नम्रपणे थांबवावे.

आमचे भाडे इतके कमी आहे, मग मालकाकडून दुरुस्तीची अपेक्षा ठेवणे रास्त आहे का?

कायद्याने ती जबाबदारी मालकाचीच आहे. व्यवहाराने ती पेलत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दुसरी मान्य न करणाऱ्या भाडेकरूंची मालकाशी बोलणी बहुधा पहिल्याच बैठकीत मोडतात.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. समजा, त्या वेळी एका खोलीचे भाडे २०० रुपये होते आणि मालकाने दर वर्षी नियमाने वाढ केली. तरी २५ वर्षांनी ते सुमारे ५३३ रुपये होते. चोवीस खोल्यांच्या चाळीतून महिन्याला जेमतेम पावणेतेरा हजार रुपये येतात. त्यातून कर, पाणी, जिन्यातले दिवे आणि सफाई वजा जाता छपराची कौले बदलण्यापुरतेही उरत नाही. गिरगावात कारकुनाला, गिरणी कामगाराला आणि त्यांच्या नातवंडांना राहता आले ते याच गोठलेल्या भाड्यामुळे, आणि इमारती खंगल्या त्याही बऱ्याच अंशी त्यामुळेच.

मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ नुसार भाडेकरूला किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाकाठी वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. वरच्या उदाहरणात हा आकडा सोळाशे रुपयांच्या आसपास येतो. एका खिडकीचे तावदान आणि थोडे प्लास्टर, यापलीकडे या हक्काची धाव नाही. तरीही नोटीस द्यावी, कारण मालकाला त्रुटी कळवल्याचा तो पुरावा असतो.

मंडळ कोणत्या प्रकारची दुरुस्ती करते?

मंडळाचे काम संरचनात्मक दुरुस्तीचे आहे: खांब, तुळया, भार वाहणाऱ्या भिंती, जिना, छत, सज्जे आणि त्यांना धोका पोहोचवणारी गळती. खोलीतील फरशी, रंग, आतले नळ आणि विजेच्या तारा हा भाडेकरूचा खर्च समजला जातो. मंडळाच्या खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा असते आणि ती शासन वेळोवेळी बदलते. अंदाजपत्रक त्या मर्यादेपलीकडे गेले, तर वरचा खर्च भाडेकरू आणि मालक यांनी उचलावा किंवा इमारत दुरुस्तीपलीकडची ठरवून पुनर्रचनेचा विचार व्हावा, असे दोनच रस्ते उरतात. काही ठिकाणी आमदार किंवा खासदार निधीतून भर घातली जाते.

अर्ज विभागीय कार्यालयातील कार्यकारी अभियंत्याकडे करायचा असतो. त्यात इमारतीचे सर्वसाधारण वर्णन लिहून थांबू नये. ‘इमारत जीर्ण झाली आहे’ या वाक्याने कोणीही हलत नाही. ‘दुसऱ्या मजल्यावरील सामायिक संडासाखालची तुळई भिंतीत शिरते तेथे कुजली असून तिच्यातून पाणी झिरपते’ असे ठिकाण, मजला आणि तारखेसह लिहावे, छायाचित्र जोडावे आणि पोच घ्यावी. मालक किंवा भाडेकरू स्वखर्चाने दुरुस्ती करणार असतील, तरी मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

दुरुस्तीच्या नावाखाली प्रत्यक्षात काय करतात आणि आम्ही काय पाहावे?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सर्वांत सविस्तर दिले आहे.

‘अ’ प्रवर्गातील पुष्कळ चाळींचा सांगाडा सागवानी लाकडाचा आहे. उभे खांब, आडव्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर पाट आणि वर चुन्याचा किंवा शहाबादी लादीचा थर, असा हा कडीपाट असतो. उत्तम सागवान कोरडे राहिले तर शंभर वर्षे सहज टिकते. ते कुजते ते टोकाशी, म्हणजे तुळई ओल्या भिंतीत शिरते तेथे, मोरीखाली आणि सामायिक संडासांच्या रांगेलगत. आणि जेथे ओल असते तेथे मागोमाग वाळवी येते. मधल्या भागात टिकाऊ दिसणारी तुळई टोकाशी भुगा झालेली असू शकते, म्हणून अभियंत्याने तुळईचे टोक उघडून पाहिले की नाही, हे विचारणे आवश्यक आहे.

अशा ठिकाणी कुजलेल्या तुळईच्या जागी किंवा तिच्या बाजूला लोखंडी गर्डर घालतात. ते योग्य आहे, पण गर्डरची टोके पुन्हा त्याच ओल्या भिंतीत, गंजरोधक लेपाशिवाय आणि खाली टेकण्याचा दगडी किंवा काँक्रीटचा ठोकळा न देता खुपसली, तर दुरुस्ती पाच-सात पावसाळ्यांचीच ठरते. गळती आधी आणि गर्डर नंतर, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. कंत्राटदाराला गर्डर घालणे सोयीचे असते, कारण ते मोजता येते आणि बिलात उठून दिसते. गळतीचा उगम शोधायला मात्र तीन खोल्यांतल्या मोऱ्या उघडाव्या लागतात आणि तीन बिऱ्हाडांचा रोष ओढवतो.

१९३० नंतरच्या इमारतींत सळई-काँक्रीट दिसू लागते. समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते. छताचे पोपडे पडू लागतात ते त्यामुळे. तेथे पोपडे काढून नुसते प्लास्टर मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे. सैल काँक्रीट पूर्ण काढून, सळई खरवडून, गंजरोधक लेप देऊन, जेथे सळईची जाडी बरीच घटली आहे तेथे नवी सळई जोडून, मग पॉलिमर मॉर्टार किंवा मायक्रोकाँक्रीट भरले पाहिजे. खांब फारच कमकुवत झाला असेल तर त्याला बाहेरून काँक्रीटचे जॅकेट द्यावे लागते.

काही नुकसान आपण स्वतः करतो, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना गॅलरीच्या टोकाला सामायिक संडासापर्यंत जाणे जमत नाही म्हणून खोलीतच संडास बांधला जातो. त्यामागची अडचण खरी आहे, पण कडीपाटावर काँक्रीटचा कोबा आणि पाण्याचा सततचा वापर यांमुळे खालची तुळई दहा वर्षांत जाते. जुन्या फरशीवर नवी फरशी चढवली जाते आणि मूळ थर कोणी काढत नाही. पोटमाळ्यावर पाचशे लिटरची टाकी ठेवली की अर्धा टन वजन वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यावर बसते. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही. दुरुस्तीच्या वेळी प्रत्येक खोलीतील असे वाढीव वजन उतरवण्याचा ठराव सर्वांनी मिळून केला, तर मंडळाच्या खर्चापेक्षा त्याचाच लाभ कित्येकदा अधिक होतो.

टेकू लावले म्हणजे आम्ही सुरक्षित आहोत का?

टेकू हा वेळ मिळवण्याचा उपाय आहे. वरच्या मजल्याचे टेकू खालच्या मजल्याच्या टेकूंच्या बरोबर वर, एका रेषेत, थेट पक्क्या जमिनीपर्यंत उतरले पाहिजेत. तसे झाले नाही तर वरचा भार खालच्या मजल्याच्या मधोमध येतो आणि धोका कमी होण्याऐवजी जागा बदलतो. तळमजल्यावरच्या दुकानदाराला टेकूची अडचण होते आणि तो हळूच थोडा सरकवला जातो. असे कदापि होऊ देऊ नये. टेकूवर दोरी बांधून कपडे वाळत घातलेली चाळ दिसली, की तेथे टेकू लागून बराच काळ लोटला आहे हे विचारावे लागत नाही.

इमारत धोकादायक आहे हे कोण ठरवते? ‘सी-१’ म्हणजे काय?

तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार करावे लागते. परीक्षणानंतर इमारत सी-१, सी-२ अ, सी-२ ब किंवा सी-३ यांपैकी एका वर्गात टाकली जाते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ अ म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती करण्याजोगी, सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. धोकादायक इमारतीबाबत महापालिका कलम ३५४ खाली नोटीस बजावते. उपकरप्राप्त इमारतींची पाहणी मंडळही करते आणि पावसाळ्यापूर्वी दर वर्षी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. २०२५ च्या यादीत ९६ इमारती होत्या.

मालकाने आणलेला अहवाल इमारत पाडण्याजोगी म्हणतो आणि भाडेकरूंनी आणलेला अहवाल दुरुस्त होण्याजोगी म्हणतो, हे नेहमी घडते. असे परस्परविरोधी अहवाल आले तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते. अहवालात केवळ डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी आहेत की हातोडा चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, सळईच्या गंजाची चाचणी आणि काँक्रीटचा गाभा काढून केलेली चाचणी यांचे आकडेही आहेत, हे पाहावे. लाकडी इमारतीला काँक्रीटच्या चाचण्या लावलेला अहवाल आला, तर तो परत पाठवण्यास हरकत नाही.

अहवालाची वाट न पाहता बाहेर पडावे अशाही खुणा आहेत: रोज बंद होणारा दरवाजा अचानक अडकू लागणे, भिंतीत तिरपी नवी भेग पडणे, कडीपाटातून सतत माती गळणे, रात्रीच्या शांततेत लाकूड कडकडणे. भेग वाढते आहे का हे पाहण्यासाठी तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे. भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी कोसळली आणि ३३ जण मृत्युमुखी पडले. ती इमारत तेथील समूह पुनर्विकास प्रकल्पात समाविष्ट होती. काही कुटुंबे हललेली होती, काही मागे राहिली होती.

खोली रिकामी केली किंवा इमारत पाडली, तर आमचा भाडेहक्क संपतो का?

संपत नाही. महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही, कारण भाडेपट्ट्याचा विषय केवळ बांधकाम नसून त्याखालची जमीनही असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ मध्ये दिला आहे. दुरुस्तीसाठी जागा घेतली तर दुरुस्तीनंतर परत प्रवेश मिळण्याची तरतूद भाडे नियंत्रण कायद्यातही आहे.

तथापि हक्क असणे आणि तो सिद्ध करता येणे यांत अंतर आहे. इमारत पाडण्यापूर्वी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येक खोलीचे मोजमाप महापालिकेच्या किंवा मंडळाच्या नोंदीत उतरले पाहिजे आणि त्याची प्रमाणित प्रत प्रत्येकाच्या हाती असली पाहिजे. एकदा मातीचा ढीग झाला, की कोणाची खोली १२० चौरस फुटांची होती आणि कोणाची १८०, हे सांगायला भिंत उरत नाही.

कोणती कागदपत्रे आताच जमवून ठेवावीत?

सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे भाडेपावती, आणि तीही शक्य तितकी जुनी. १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेले नवे भाडेकरू पुनर्विकासात मोजले जात नाहीत, म्हणून त्या तारखेपूर्वीची किमान एक पावती आणि त्यानंतरची साखळी दाखवता आली पाहिजे. मालकाने पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. तो भाडे घेण्याचे टाळत असेल तर मनीऑर्डरने पाठवावे आणि परत आलेली मनीऑर्डर पाकिटासह जपावी.

पावती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षे झाली, आणि खोलीत धाकट्या काकांचे कुटुंब, अशी स्थिती निम्म्या चाळीत आढळते. कायद्यानुसार निवासी भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला आणि तसा कोणी नसेल तर वारसाला भाडेहक्क मिळतो. एकमत झाले नाही तर न्यायालय ठरवते. हा वाद पुनर्विकासाचा करार समोर आल्यावर उकरला जातो, कारण तोपर्यंत त्या खोलीला किंमत नसते आणि त्या दिवशी अचानक येते. म्हणून मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, वीज देयक आणि इतर वारसांची लेखी संमती यांच्या आधारे पावती आताच बदलून घ्यावी.

पागडी देऊन खोली घेतली असेल, तर १९९९ च्या कायद्यानंतर पागडी घेणे बेकायदा राहिलेले नाही. पण हस्तांतराला मालकाची लेखी संमती आणि नवी पावती हवी. मालकाला सुमारे एक तृतीयांश रक्कम देण्याची जी रीत आहे ती रीतच आहे, कायद्याने ठरवलेला दर नव्हे.

मग दुरुस्ती करावी की पुनर्विकास?

बहुतेक चाळींना कधी ना कधी पुनर्विकासाकडे जावेच लागेल, कारण सामायिक संडास आणि दीडशे फुटांची खोली पुढच्या पिढीने स्वीकारावी असा आग्रह धरणे न्यायाचे नाही. आक्षेप आहे तो पुनर्विकास येणार म्हणून दुरुस्ती थांबवण्याला. बिल्डरची पहिली सभा आणि प्रत्यक्ष पाडकाम यांत दहा-पंधरा वर्षे गेलेल्या चाळी आपल्या आजूबाजूला आहेत. आमच्या ओळखीच्या एका चाळीत ‘आता काय, पुढच्या वर्षी इमारतच पाडायची’ म्हणून जिन्याची दुरुस्ती नाकारली गेली. करार रखडला, तिसऱ्या पावसाळ्यात जिना खचला आणि जी बिऱ्हाडे करारावर अडून बसली होती त्यांना कोणतीही बोलणी न करता एका रात्रीत बाहेर पडावे लागले. डागडुजी केलेल्या इमारतीतील भाडेकरू वाट पाहू शकतो, आणि वाट पाहू शकणाऱ्यालाच चांगल्या अटी मिळतात. याउलट, इमारत खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर दुरुस्तीचा हट्ट जिवावर बेतणारा आहे.

भूखंड लहान असेल, रस्ता अरुंद असेल, शेजारची चाळही तशीच असेल, तर एकट्याने पुनर्विकास बहुधा जमत नाही. चारशे चौरस मीटरच्या भूखंडावर उंच इमारत उभी राहिली तर गाड्यांची जागा, अग्निशमनाची मोकळी जागा आणि हवा-उजेड यांचा बळी जातो. शेजाऱ्यांशी बोलणे कंटाळवाणे असते, पण विकास नियंत्रण नियमावलीतील समूह पुनर्विकासाचा नियम ३३(९) त्यासाठीच आहे. शहर बेटावर त्याला किमान ४,००० चौरस मीटर क्षेत्र आणि चार चटईक्षेत्र निर्देशांक (म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) लागू होतो. एकेकट्या इमारतींसाठी नियम ३३(७) आहे.

पुनर्विकासात किती जागा मिळते आणि किती जणांची संमती लागते?

नियम ३३(७) नुसार निवासी भाडेकरूला पूर्वीच्या खोलीइतके, परंतु किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर मालकी हक्काने आणि बांधकामाचा खर्च न घेता मिळते. विकासकाला तीन चटईक्षेत्र निर्देशांक किंवा पुनर्वसनासाठी लागणारे क्षेत्र अधिक त्यावर किमान ५० टक्के प्रोत्साहनपर क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते मिळते. विक्रीची घरे त्यातूनच निघतात. मूळ बांधकामात अनधिकृतपणे केलेली वाढ मोजली जात नाही, म्हणून पोटमाळ्याच्या जोरावर जादा घराचे आश्वासन कोणी देत असेल तर ते कागदावर मागावे. संमतीची मर्यादा पूर्वी ७० टक्के होती. ती आता ५१ टक्के आहे.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीबद्दल ५०० चौरस फुटांचे घर मिळते, मग आम्हाला का नाही, असा सवाल सभेत उठतोच. बीडीडी चाळी सरकारी मालकीच्या असून त्यांचा प्रकल्प म्हाडा स्वतः वेगळ्या नियमाखाली राबवते. उपकरप्राप्त चाळीत खासगी मालक आणि विकासक यांचा हिस्सा निघाल्यावर उरते त्यातून घासाघीस करावी लागते.

खोली सोडण्यापूर्वी कोणत्या गोष्टी लेखी हव्यात?

प्रत्येक भाडेकरूच्या नावे कायमस्वरूपी पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किल्ली देऊ नये. मंडळाचे ना-हरकत प्रमाणपत्र आले आहे, एवढ्यावर विसंबू नये. करारात घराचे चटईक्षेत्र, मजला आणि नकाशावरील क्रमांक, पर्यायी निवासाचे भाडे आणि त्यातील वार्षिक वाढ, सामान हलवण्याचा खर्च, ताबा देण्याची तारीख आणि ती हुकल्यास होणारा दंड स्पष्ट लिहिलेला असावा. भाड्याचे पुढील तारखांचे धनादेश आगाऊ घ्यावेत आणि भाड्याच्या रकमेइतकी बँक हमी मिळत असेल तर ती धनादेशाहून श्रेष्ठ समजावी, कारण रखडलेल्या प्रकल्पात सर्वांत आधी न वटणारी गोष्ट धनादेश असते. महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, मुख्यतः विक्रीच्या घरांच्या खरेदीदारांसाठी आहे. पुनर्वसनातील भाडेकरूने त्याच्या भरवशावर राहू नये.

मालक काहीच करत नसेल तर भाडेकरूंना काय करता येते?

म्हाडा कायद्यातील कलम ७९-अ नुसार, इमारत धोकादायक ठरल्यावर मालकाला ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळते. त्याने प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सहकारी संस्थेला सहा महिने मिळतात, आणि तीही अपयशी ठरली तर म्हाडा मालमत्ता संपादित करून स्वतः काम हाती घेऊ शकते. अर्धवट सोडलेल्या प्रकल्पांसाठी कलम ९१-अ आहे. ७९-अ च्या नोटिसा बजावण्याची पद्धत २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे वादग्रस्त ठरली, म्हणून आपल्या इमारतीबाबतची नोटीस सक्षम प्राधिकाऱ्याने आणि इमारत खरोखर धोकादायक ठरल्यानंतरच दिलेली आहे ना, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. घाईने मिळवलेली नोटीस न्यायालयात टिकली नाही तर वर्षे भाडेकरूंचीच जातात.

जुना मार्ग म्हाडा कायद्याच्या प्रकरण आठ-अ चा आहे. १९८६ मध्ये आलेल्या या प्रकरणातील कलम १०३-ब नुसार ७० टक्के भाडेकरूंच्या संस्थेने अर्ज केल्यास मासिक भाड्याच्या शंभर पट रकमेत मालमत्ता संपादित करून संस्थेला देण्याची तरतूद आहे. मालकांच्या संघटनेने तिला आव्हान दिले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत पोहोचला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही, असा बहुमताचा निर्णय ५ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला. त्यामुळे आज कोणी ‘शंभर पट भाड्यात चाळ आपली’ असे सहजपणे सांगत असेल, तर त्यावर वर्गणी गोळा करू नये.

संक्रमण शिबिरात जावे का?

संक्रमण शिबिर म्हणजे इमारत रिकामी केलेल्या भाडेकरूंसाठी मंडळाची तात्पुरती घरे. इमारत तातडीने रिकामी करायची असेल आणि दुसरी सोय नसेल तर जावे, पण ताबापत्र, मूळ इमारतीचा उपकर क्रमांक आणि मोजमाप यांची नोंद घेऊनच जावे. शिबिर पुष्कळदा कामाच्या आणि शाळेच्या ठिकाणापासून दूर असते. काही कुटुंबांच्या दोन पिढ्या तेथेच गेल्या आहेत. मूळ भूखंडावर इमारत पुन्हा बांधणे शक्य नसेल, तर मूळ भाडेकरूने बृहतसूचीसाठी, म्हणजे अशा भाडेकरूंच्या मंडळाकडील यादीसाठी, अर्ज करावा. पुनर्विकासातून मंडळाला मिळणारी अतिरिक्त घरे या सूचीतील पात्र भाडेकरूंना दिली जातात.

नव्या इमारतीत राहणे आम्हाला परवडेल का?

हा प्रश्न करारापूर्वी विचारणारी चाळ क्वचितच आढळते. पाचशे रुपये भाड्याच्या जागी लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक आणि मालमत्ता कर यांचा मासिक खर्च येतो, आणि तो निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला कित्येक हजारांत जाऊ शकतो. विकासकाने संस्थेला निधी देण्याची तरतूद नियमात आहे. त्याचे व्याज देखभालीला पुरेल का, याचा हिशेब कागदावर मांडून घ्यावा. पुनर्वसनाची आणि विक्रीची इमारत वेगवेगळी असेल तर लिफ्टची संख्या, जिन्याची रुंदी आणि हवा-उजेड यांत भेद होत नाही ना, हे नकाशावर पाहावे. घराचे क्षेत्र दहा-वीस फुटांनी वाढवून घेण्यासाठी वर्षभर भांडणारी मंडळी देखभाल निधीच्या परिच्छेदावर पाच मिनिटेही देत नाहीत, आणि मग ताबा मिळाल्यावर तीन-चार वर्षांत घर भाड्याने देऊन विरार किंवा बदलापूरला राहायला जातात.

पावसाळ्यात रात्री काही घडले तर कोणाला कळवावे?

अग्निशमन दल आणि महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाला प्रथम कळवावे. ताडदेव येथील रजनी महालमध्ये मंडळाचाही पावसाळी नियंत्रण कक्ष चालतो. गॅस आणि विजेचा मुख्य खटका बंद करावा, लाकडी जिन्यावर एकाच वेळी गर्दी करू नये, आणि भाडेपावत्यांची पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असावी.